डाव्या कोपऱ्यातला रुपजी

रुपजी माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, घोट्याकडे बघत असे. पहिल्या भेटीत मला तो लाजाळू वाटला. मी तेव्हा नुकताच रानशेतजवळच्या शाळेत गणित शिकवायला लागलो होतो आणि मसोलीहून रोज ये-जा करत होतो. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पाड्यावरचे लोक कबड्डी खेळायचे, मी कडेला उभा राहून बघायचो. एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस खेळ सोडून सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, "मास्तर, उजव्या बुटात खडा हाय. काढ, नायतर टाच फुटंल." खडा खरंच होता. सकाळपासून टोचत होता, पण चारचौघांत बूट काढायचा मला संकोच वाटत होता. मी तिथेच खाली बसून तो काढला, आणि आमची ओळख झाली.

तिकडच्या बोलीत अहो-जाहो जवळजवळ नाही. त्यामुळे रुपजी मला मास्तर म्हणायचा आणि तूही म्हणायचा, आणि दोन्ही मनापासून. आमच्यात मोठा कोण हे कधी नक्की झालं नाही. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे, म्हणजे गुरुजींनी पोराची उंची बघून ठोकून दिलेली. अर्ध्या पाड्याचा वाढदिवस एक जूनला असतो. चाळिशी त्याने ओलांडली होती एवढं धरून चालू.

आधीच सांगून टाकतो, रुपजी जिवंत आहे आणि ठणठणीत आहे. अशा लिखाणात वाचणारा शेवटी मरणाची वाट बघत बसतो, म्हणून सांगितलं. पण मैदानावरचा रुपजी आता नाही, आणि तो नाहीसा होण्यात माझा हात आहे. त्याची मुलगी मंगल माझ्या वर्गात होती. तिला वाचायचा नाद आहे, आणि ती हे त्याला वाचून दाखवणार याची मला लिहायला बसल्यापासून धास्ती आहे.

कबड्डीत बचाव करणारे सात जण अर्धगोल करून उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरे. चढाईवाला दम घेऊन आत शिरतो, कुणाला तरी शिवून परत पळू बघतो, आणि त्याचा मागे राहिलेला पाय घोट्यात धरायचा हे कोपऱ्याचं काम. नीट धरला तर तो बाद. हात घातला आणि निसटला तर गुणही गेला आणि कोपरा स्वतः मैदानाबाहेर. म्हणजे चुकीला जागाच नाही. आमच्या तालुक्यात डावा कोपरा म्हटलं की वीसेक वर्षं एकच नाव घेतलं जायचं.

त्याचं धरणं बघण्यासारखं होतं. तो आधी हललाच नाही असं वाटायचं. हात मांड्यांमागे, मान खाली, जणू काही हरवलेलं शोधतोय. मग चढाईवाला वळायचा, आणि वळता वळता आडवा व्हायचा. "हात पसरून पकड होत नाय," तो पोरांना सांगायचा, "हात लपवून होते. हात दिसला की पाय शहाणा होतो." आणखी एक त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "तोंड खोटं बोलंल, पाय नाय बोलत." माणूस डावीकडे बघत असला तरी त्याचा अंगठा मातीत कुठल्या दिशेला रुततोय त्यावरून रुपजीला पुढचं कळायचं. पकड झाली की तो त्या गड्याला हात देऊन उठवायचा आणि त्याच्या घोट्यावरची माती स्वतः झटकायचा. "लागला नाय ना?" हे विचारल्याशिवाय जागेवर परत जायचा नाही. एकदा वसईकडचा एक नावाजलेला चढाईवाला त्याच्या हातून बाद झाल्यावर चिडून शिवी देऊन गेला. रुपजीने ती ऐकून घेतली आणि मला म्हणाला, "त्याचा डावा गुडघा दुखावलाय. म्हणून चिडलाय."

पोटासाठी तो डहाणूजवळच्या एका वाडीत चिकू उतरवायचा. जाळी लावलेला लांब बांबू घेऊन झाडावर, दिवसभर. वाडीचे मालक गुजराती वळणाचं मराठी बोलणारे आणि खेळाचे शौकीन. मला म्हणायचे, "मास्तर, ह्याला मी फळं बघायला वर चढवतो ने, आणि हा वरून खाली उभ्या बायकामाणसांचे पाय बघतो. म्हणे कोण दमलंय ते कळतं. मग मलाच सांगतो, शेठ, सुट्टी करा." आणि शेठ सुट्टी करायचेही. त्याची बायको सोनी मात्र सामन्याच्या दिवशी जेवत नसे. "ह्याला काय झाला तर उद्या झाडावर कोण चढंल?" असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी त्याची खेळायची चड्डी धुऊन वाळवून ठेवायची.

या सगळ्यात मी कोण, तर गुणलेखक. मला खेळता कधी आलं नाही. पण दोन रेघा सरळ मारता येतात आणि बेरीज चुकत नाही, एवढ्या भांडवलावर मी मैदानाशेजारच्या टेबलावर सोळा वर्षं बसलो. माझा स्वभाव काळजीचा. घरून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही हे आठवायला मी परत जातो. गुणपत्रकाची मी एक जादा प्रत ठेवतो आणि त्या प्रतीची झेरॉक्स काढतो. बायको म्हणते, तुमच्या हातात देश दिला तर तो जागचा हलणार नाही, पण हरवणारही नाही.

गेल्या वर्षी तालुका संघाच्या निवडीवरून मोठी बोंबाबोंब झाली. अमका तमक्याचा भाचा म्हणून घेतला, असं उघड बोललं गेलं. तेव्हा यंदा निवड समितीचे प्रमुख भाऊ यांनी मला बोलावलं. भाऊ निवृत्त क्रीडाशिक्षक. बोलणं कमी आणि शिट्टी जास्त. म्हणाले, "मास्तर, डाव्या कोपऱ्याला एकच जागा आहे आणि दावेदार दोन. रुपजी आणि वाणगावचा हर्षद. तुझ्याकडे तीन हंगामांची पत्रकं आहेत. मांडून दे. मला माया नको, आकडे दे. मी तेच लोकांसमोर ठेवणार."

हर्षद बावीस वर्षांचा. घरची भाजीची शेती, सकाळी माल स्टेशनवर पोचवायचा आणि मग पळायला जायचा. पोलीस भरतीची तयारी चालली होती. तालुक्यातून जिल्ह्याच्या संघात आणि तिथून पुढे गेला तर खेळाडूंच्या राखीव जागांतून त्याला वाट मिळणार होती, आणि यंदा नाही गेला तर घरचे भरतीचा नाद सोडायला लावणार होते. मुलगा सालस. रुपजीला काका म्हणायचा. डाव्या अंगठ्याला पांढरी पट्टी गुंडाळून खेळायचा, कारण रुपजी दोन वर्षांपासून तशी गुंडाळायचा. त्याचंच बघून तालुक्यातल्या सगळ्या पोरांनी ही फॅशन उचलली होती. अगदी पाचवीतली पोरंही अंगठ्याला चिंध्या बांधून फिरायची.

मी मांडायला बसलो आणि मांडून झाल्यावर मला जेवण जाईना. हर्षदच्या पकडी रुपजीच्या तिपटीहून जास्त होत्या. मी पुन्हा मोजलं. वेगवेगळ्या सामन्यांची पत्रकं उलटसुलट करून मोजलं. आकडे जागचे हलेनात. तीन हंगामांपूर्वीपर्यंत दर सामन्याला दोन-तीन पकडी करणारा माणूस आता सामनेच्या सामने रिकाम्या हाताने उभा होता. आणि तरी संघ जिंकत होता, आणि तरी प्रत्येक जण म्हणत होता, रुपजी आहे म्हणून जिंकतोय. मला वाटलं, माझ्या पत्रकातच काहीतरी राहतंय.

ते काय राहतंय हे वाणगावच्या स्पर्धेत माझ्या लक्षात आलं. एक चढाईवाला रुपजीच्या बाजूला चार पावलं आला, त्याने रुपजीला पाहिलं, आणि चटका बसल्यासारखा मागे सरून दुसऱ्या टोकाला गेला. पुढचा आला, तोही तसाच. पत्रकात पकड कुणी केली हे लिहितात. चढाई कुठल्या बाजूला गेली हे कुणी लिहीत नाही. ज्याच्याकडे कुणी येतच नाही, तो धरणार कुणाला? सगळे उजवीकडे वळत होते, आणि उजवीकडचे गडी त्यांना धरत होते. त्या पकडींचं अर्धं श्रेय रुपजीचं होतं आणि ते कुठेही लिहिलं जात नव्हतं. मी तिथल्या तिथे कागदावर एक नवा रकाना आखला. मला इतका आनंद झाला की मी चहावाल्याला दोनदा चहा सांगितला आणि दोन्ही विसरलो.

निवड चाचणी तलासरीच्या मैदानावर दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी मी माझा रकाना भरत बसलो. रुपजी एका संघात डाव्या कोपऱ्यात, हर्षद दुसऱ्यात. दिवसभरात हर्षदच्या अंगावर एकामागून एक चढाया गेल्या. रुपजीकडे मोजून चार आल्या, आणि त्यातल्या तीन अर्ध्यातून परतल्या. चौथा गडी नुसता रेषा ओलांडून पळाला. दुपारच्या सुट्टीत मी कागद घेऊन रुपजीला शोधलं. तो मैदानामागे हातपंपाशी चिंचेखाली एकटाच बसला होता.

"रुपजी, तुझी जागा पक्की," मी म्हणालो आणि त्याला सगळं समजावलं. कुठल्या बाजूला किती, त्याच्याकडे किती, उजवीकडे किती. "हे मी उद्या भाऊंना देतो. आता कुणाची तोंड उघडायची हिंमत होणार नाही."

त्याने नव्या रकान्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे नको देऊ."

"का?"

त्याने डाव्या अंगठ्याची पट्टी सोडली. सावकाश, वेढा वेढा करून. मग तो हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "माझं मनगट धर. आता मी तुझं धरतो." त्याच्या चार बोटांचा दाब मला लागला. अंगठा नुसता टेकला होता. मी हात सहज मागे घेतला आणि तो सुटून आला.

दोन वर्षांपूर्वी फांदी मोडून तो चिकूच्या झाडावरून पडला होता. पडल्याचं सगळ्यांना माहीत होतं. अंगठ्यातला जोर गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं, सोनीलासुद्धा नाही. पट्टी त्यासाठी होती. "येत नाय म्हणून उभा हाय, मास्तर," तो म्हणाला. "आले असते तर कवाच गेलो असतो. माझा हात त्यांना दोन वर्षांपूर्वीचा दिसतो. ते घाबरतात आणि मी उभा राहतो."

 मी म्हणालो, "मग भाऊंना सांगून टाकू?"

"हात तुला दाखवला. सांगायला नाय दाखवला."

"मग हा कागद देऊ?"

"ते पण खोटं होईल."

"अरे, मग करू काय? तुला खेळायचंय की नाही?"

यावर तो हसला. "मला विचारू नको. मला विचारशील तर मी खेळायचं म्हणेन. पाड्यावर पन्नास जण चिकू उतरवतात, मास्तर. कोपऱ्यात एकलाच उभा राहतो. तो कोपरा माझ्या हातानं कसा सोडू? तू शिकलेला हायस, तुला मोजता येतं. तूच ठरव." आणि तो पट्टी पुन्हा गुंडाळायला लागला. एका हाताने जमेना तेव्हा टोक त्याने दातात धरलं.

त्या दुपारपासून दुसऱ्या दिवसापर्यंत मी जे काही केलं ते सगळं चुकत गेलं. पत्रकावर संघांची नावं उलटी लिहिली. घरी गेल्यावर बायकोने दोनदा विचारलं, बरं नाही का. एकीकडे रुपजीचा हात डोळ्यांसमोरून जाईना. दुसरीकडे वाटायचं, मी काय डॉक्टर आहे? मनगट सोडवून घेणं आणि पळत्या माणसाचा घोटा सोडवून घेणं एक आहे का? कदाचित मैदानावर तो अजूनही हर्षदपेक्षा सरस असेल. दोन वर्षांत त्याला कुणी तपासलंच नव्हतं, मग तो स्वतः तरी कशावरून खात्रीने सांगतोय? आणि हर्षद? माझ्या एका रकान्यामुळे त्याची भरती हुकली तर? मी मनात दोघांना समोरासमोर उभं करायचो, आणि माझ्याकडे तोलायला काहीच नसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोळा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. गुणलेखकाने खेळाडूशी सामना चालू असताना बोलायचं नसतं. मी मध्यंतरात दिनेशला गाठलं. दिनेश रुपजीच्या समोरच्या संघातला चढाईवाला, तलासरीच्या पलीकडच्या पाड्यावरचा, वापीला कारखान्यात काम करायचा आणि तिकडेच खेळायचा. चपळ. मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "डाव्या कोपऱ्याकडे जाऊन बघ."

"तिकडं रुपजीदादा हाय," तो म्हणाला.

"म्हणूनच. मी मान हलवली की जा."

तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिला, मग गेला.

मध्यंतरानंतरची त्याची पहिली चढाई. मी मान हलवली. दिनेश मध्यरेषा ओलांडून सरळ डाव्या कोपऱ्यात शिरला. कडेला बसलेले लोक सावरून बसले, कारण असं धाडस बऱ्याच दिवसांत कुणी केलं नव्हतं. रुपजी नेहमीसारखाच उभा होता, हात मांड्यांमागे. दिनेश वळला आणि रुपजीचा हात बरोबर घोट्यावर पडला. वेळ अचूक, जागा अचूक. पाहणाऱ्यांनी टाळी वाजवायला हात उचलले. आणि पाय त्या हातातून निघून आला, ओल्या साबणासारखा. दिनेश परत मध्यरेषेवर पोचला तेव्हा त्यालाच खरं वाटत नव्हतं. रुपजी बाहेर गेला. घसरला असेल, लोक म्हणाले. माती सैल आहे तिथे.

थोड्या वेळाने त्याच्या संघाने एक गडी टिपला आणि रुपजी परत आत आला. दिनेशची चढाई आली, मी मान हलवली. पुन्हा तेच झालं. या वेळी रुपजीने दोन्ही हात घातले होते. उजवा उशिरा पोचला, डाव्याने धरलं आणि सोडलं. आता कुणी मातीला दोष दिला नाही.  भाऊंनी टेबलाकडे बघितलं आणि मी पत्रकात मान घातली.

मला तेव्हा कळलं होतं. हे मी आज प्रामाणिकपणे लिहितो. दुसऱ्या चढाईनंतर मला पुरतं कळलं होतं. पण माझ्यातला गणिताचा मास्तर म्हणाला, दोन म्हणजे योगायोगही असू शकतो. उद्या कुणी विचारलं तर? मला स्वतःलाच रात्री शंका आली तर? अजून एकदा बघू, म्हणजे मनात काही राहणार नाही. रुपजी पुन्हा आत आला. दिनेशने चढाईला जाताना माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नको असं स्पष्ट दिसत होतं. मी मान हलवली.

तिसऱ्या वेळी रुपजीने सूर मारला. बोटांचा भरवसा नव्हता म्हणून त्याने दिनेशचा पाय कोपरात अडकवून छातीशी आवळला. दिनेश तरुण आणि ताकदीचा. तो त्या पायासकट पुढे सरकत गेला आणि त्याच्यामागून रुपजी पोटावर फरफटत आला, बचावाच्या अर्ध्या मैदानातून मध्यरेषेपर्यंत. बाकीचे गडी धावले, पण तोवर दिनेशची बोटं रेषेला लागली होती. रुपजी तसाच पडला होता, तोंडात माती. आणि कडेने कुणीतरी हसलं. एकच माणूस, आणि तेही थोडंसंच, दाबता दाबता फुटल्यासारखं. वीस वर्षांत मैदानावर रुपजीला कुणी हसलं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की पेन हातातून खाली पडलं, आणि ते उचलायला मी टेबलाखाली जरा जास्तच वेळ राहिलो.

पुढे सगळं भराभर झालं. दिनेशला जमलं हे बघून दुसऱ्या चढाईवाल्यांनीही मोर्चा डावीकडे वळवला. माझ्या रकान्यात डाव्या बाजूला खुणांची रांग लागली. दहा मिनिटांनी रुपजीने स्वतः हात वर करून बदली मागितली. भाऊंनी संध्याकाळी बारा नावं वाचून दाखवली. डाव्या कोपऱ्याला हर्षद. यादी माझ्याच अक्षरातली होती. कुणी तक्रार केली नाही, कारण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. हर्षद रुपजीच्या पाया पडायला वाकला तेव्हा रुपजीने त्याच्या अंगठ्याची पट्टी सोडून घेतली आणि म्हणाला, "तुला नाय लागत ही. हिनं हात जड होतो." आणि ती चुरगळून स्वतःच्या खिशात टाकली.

परतीला आम्ही एकाच सहाआसनी रिक्षात होतो. दुसरं वाहन मिळत नव्हतं, नाहीतर मी नक्कीच त्याला टाळलं असतं. समोर भाजीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका, आम्ही दोघं शेजारी. हमरस्त्यावर ट्रक इतके जवळून जात होते की बोलायचं म्हटलं तरी मोठ्याने बोलावं लागत होतं.  डहाणूच्या रस्त्याला वळल्यावर आवाज कमी झाला आणि रुपजी अगदी साध्या आवाजात म्हणाला, "दिनेशला तूच धाडलास ना?"

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. "हो," मी म्हणालो.

"मला वाटलाच. त्याचे पाय माझ्याकडे येताना नाखूष होते." मग म्हणाला, "बेस केलंस. माझ्यानं झाला नसता. पण मास्तर, दोनदा पुरं होतं. तिसऱ्यांदा कशाला धाडलास?"

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो खरंच विचारत होता, वर्गातला एखादा पोरगा गणिताची पायरी कळली नाही की विचारतो तसं. मी खूप शोधलं आणि जे खरं होतं तेच सांगितलं. "खात्री व्हावी म्हणून."

"कुणाची?" त्याने विचारलं. "माझी तर कवाचीच झाली होती."

समोरच्या बाईने टोपली सरकवून घेतली आणि आम्हाला पाय लांब करायला जागा दिली. मी पाय आणखी आत ओढून घेतले. रानशेतचा फाटा आला तसा रुपजी पिशवी घेऊन उतरला, आणि रिक्षा निघता निघता वाकून म्हणाला, मंगलचा गणिताचा पेपर जवळ आलाय, तिचं जरा बघ. मी बघतो म्हणालो.